हिरवी खूण

गिस्लेनने फ्रान्सच्या लोरेन प्रांतातल्या इंजिन कारखान्यात एकवीस वर्षं बोल्ट आवळले. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर ती हिरव्या रंगाची, लांब शेपटीची बरोबरची खूण करायची. वाणसामानाच्या यादीवरही तिची खूण तशीच.

नवरा रेमों आणि दीर ल्युसियां यांच्या डिझेल गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या. रविवारी जेवताना हमखास जुंपायची. "तुझं इंजिन म्हणजे डबडं, दोन वर्षांत बसेल," रेमों म्हणायचा. दोन्ही बॉनेटांखाली गिस्लेनने आपलीच खूण पाहिली होती, पण ती हसू दाबून सूप वाढायची. एकदा शब्दाने शब्द वाढला. ल्युसियां भरल्या ताटावरून उठला, तो नऊ वर्षं फिरकलाच नाही.

मग तो वारला. त्याचं दफन झालं आणि त्याची गाडी वारसाने यांच्या दारात आली. चार लाख किलोमीटर पळालेली, तरी पहिल्याच चावीला सुरू झाली. रेमोंने बॉनेट उघडून फडक्याने तेलकट मळ पुसला.

"ही तर तुझी खूण."

"तुझ्या गाडीतही आहे. दोन्ही कंपन्या आमच्याच कारखान्यातून इंजिन घ्यायच्या, एकच इंजिन."

त्याने फडकं बाजूला ठेवलं.

"मग बोलली का नाहीस?"

"आधी मजा वाटायची," ती म्हणाली. "नंतर लाज वाटायला लागली."