वजन तर बरोबर होतं

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. भाजीवाल्याचा नव्हे, औषधं तोलणारा. पितळी दांडीचा, मोठ्या बटणाएवढ्या दोन पारड्यांचा आणि काचेच्या पेटीत राहणारा. पेटीचं दार उघडं असलं तर समोरच्याच्या श्वासानेही माझा काटा हलतो. या हळवेपणाचा मला एके काळी फार गर्व होता. आता मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती माझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकणाऱ्या माणसांची.

एका कारागिराला मला घडवायला तीन महिने लागले. दांडी घासायची, तोलून बघायची, पुन्हा घासायची. मग एका औषधवाल्यांनी मला आपल्या दुकानात आणलं. ते वजनं कधी बोटांनी उचलत नसत, चिमट्याने उचलत. बोटांचा घामसुद्धा तोलला जातो, असं त्यांचं म्हणणं. "माझा तराजू केसाएवढीही चूक करत नाही," असं ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे आणि मी काचेआड फुगून बसायचो.

त्या काळी ज्यांच्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंद पडलेली असे, त्यांना जनावरांच्या तशाच ग्रंथी वाळवून केलेली भुकटी देत. सुजलेली, थकलेली, भर उन्हात काकडणारी माणसं ती घेऊन पुन्हा तरतरीत होताना मी पाहिली आहेत. खोटं कशाला बोलू? पण एकदा भुकटीची नवी बरणी आली. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंच्या पुड्या मी नेहमीइतक्याच वजनाच्या तोलून दिल्या. पंधरा दिवसांनी त्या बाई आमच्याच पायरीवर छाती धरून बसल्या. चेहरा घामाने निथळत होता, बोलायला दम पुरत नव्हता. थोडक्यात वाचल्या. वजन तर बरोबर होतं, पण या बरणीतल्या भुकटीचा जोर आधीच्यापेक्षा कितीतरी जास्त निघाला. मला वजन कळतं, जोर कळत नाही.

औषधवाल्यांनी ती बरणी जमिनीत पुरली, या प्रसंगाची नोंद केलेलं वहीतलं पान फाडलं आणि घरात कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. त्यांना लाज वाटत होती. पुढे कारखान्यात बनवलेल्या कृत्रिम संप्रेरकाच्या गोळ्या आल्या. प्रत्येक गोळीत ठरलेलं तेवढंच औषध. माझं काम संपलं, मी दुकानातून घरी आलो. पेटीवर कापड पडलं आणि कापडावर धूळ. मला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं.

चाळीस वर्षांनी ते कापड त्यांच्या नातीने ओढलं. घरात तिला चिंगी म्हणतात, बाई चाळिशीला आली तरी. चिंगी कवळ्या बनवते. मेणात एकेक दात बसवायचा, हिरडी कोरायची, पुन्हा तपासायची. हात असा स्थिर, की तिच्या आजोबांची आठवण यावी. पण तिचीही थायरॉईड मंद. तीन वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेत होती, तरी दुपार झाली की खुर्चीत कोसळायची. केस तर मूठमूठ गळत.

"डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट छान आहे," ती आईला म्हणाली. "रिपोर्ट छान आहे, मग मी का नाही छान?"

चिंगीने टेबलावर एक बरणी ठेवली. कुठूनशी पार्सलने मागवलेली तीच वाळवलेल्या ग्रंथींची भुकटी होती. वर मोठ्या अक्षरांत 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिलेलं. जोर किती, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी काचेतून ते लेबल चारदा वाचलं.

"आणि गोळ्या?" आईने विचारलं.

"बंद. कृत्रिम ते कृत्रिमच. हे बघ, आजोबांच्या वहीत प्रमाण लिहिलंय. तोलायला आजोबांचाच तराजू. आता चूक कुठून होणार?"

त्या वहीतलं नेमकं एक पान नव्हतं, आणि त्या पानावर काय होतं हे या जगात फक्त मला माहीत होतं. तिने चिमट्याने वजन ठेवलं आणि भुकटी घातली. मला वाटलं, दांडी अडकवून बसावं, काटा हलूच देऊ नये. पण खरं वजन सांगणं एवढंच मला येतं. मी ते सांगितलं.

पहिले काही दिवस चिंगी फुलासारखी हलकी झाली. पहाटे उठून घर झाडू लागली, गुणगुणू लागली. आई खूश, आणि मी मूर्ख, मलाही क्षणभर बरं वाटलं. कामावर शेजारच्या टेबलाशी बसणाऱ्या मैत्रिणीला तिने हे रंगवून सांगितलं. त्या मैत्रिणीला सगळे बडबडी म्हणतात. तिलाही हाच आजार. मग चिंगीने तिच्यासाठी माझ्यावर तीस पुड्या तोलल्या आणि तीस दिवसांसाठी देऊन टाकल्या.

तिसऱ्या आठवड्यात माझा काटा ठरेना. चिंगी कोपर टेबलावर टेकून बसायची आणि काटा डावीउजवीकडे थडथडत राहायचा. चिमट्यातून वजनं निसटू लागली. कामावर तिच्या हातून एक कवळी वाकडी कोरली गेली, म्हणून ती चिडून घरी आली. कपाळावर घाम, गळ्याची शीर उडत होती. मला सगळं दिसत होतं. तिला एकच दिसलं.

"हा तराजू बिघडलाय," ती म्हणाली आणि तराजू दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावून घेतलं.

काकांनी मला उलटसुलट तपासलं, फुंकर मारली, धूळ पुसली. काटा मधोमध उभा राहिला. चिंगी टेबलाला टेकून जवळ वाकली आणि काटा पुन्हा थडथडू लागला.

"बघा! सांगत होते ना?"

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बाई, जरा टेबलावरून हात काढा."

तिने काढला. काटा थांबला.

"आता ठेवा."

काटा हलू लागला.

"तराजू ठणठणीत आहे," काका हळूच म्हणाले. "हे ठोके तुमच्या नाडीचे आहेत. किती भरभर पडतायत! तुम्ही आधी बसा बघू."

ती बसायच्या आतच भिंतीला घसरत खाली गेली. काकांनी आईला हाक मारली. दोघांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं. माझ्या पेटीचं दार उघडंच राहिलं.

चार दिवस घर बंद होतं. चिंगी जगेल की नाही, या धास्तीने माझा जीव टांगणीला लागला होता. आणि त्याच्या आत दुसरी भीती होती. बडबडी रोज एक पुडी उघडत असणार. वजन बरोबर असलेली.

पाचव्या दिवशी आईच्या आधाराने चिंगी घरी आली. चेहरा उतरलेला, पण हात शांत. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू करायला सांगितल्या होत्या, पण कधीपासून ते रक्त तपासून ठरवणार होते.

"ते म्हणाले, जनावरांच्या ग्रंथींच्या अर्काच्या गोळ्याही काहींना देतात, पण जोर तपासलेल्या, आणि देखरेखीखाली," ती आईला सांगत होती. "मग विचारलं, एवढा थकवा होता तर आधी का नाही सांगितलंत? मी म्हटलं, सांगितलं होतं, दोनदा. आता सगळ्या तपासण्या नव्याने करणार आहेत."

आई बरणी उचलून बघत होती. "निम्म्याहून जास्त संपलीय. एवढी तू घेतलीस?"

चिंगीने मान खाली घातली. तिच्या आजोबांची मान अशीच खाली गेली होती. मी मनात ओरडत होतो, बोल गं बाई, तू तरी बोल!

"त्यातली निम्मी तिला दिली," चिंगी म्हणाली. "बडबडीला. तिला आता कुठल्या तोंडाने सांगू?"

आईने फोन तिच्या हातात ठेवला. पलीकडचा आवाज पेटीपर्यंत ऐकू येत होता.

"अगं, होतीस कुठे तू? मी मस्त आहे! तुझंही काम मीच उरकलं. झोप नको, भूक नको. हात तेवढा थरथरतो जरा."

"तू आत्ता कुठे आहेस?"

"जिन्यात बसलेय. दोन मजले चढले तर काय धाप लागली गं..."

"उठू नकोस! तिथेच थांब. मी येते. आणि त्या पुड्या घेऊ नकोस, ऐकतेस ना? ऐकतेस ना?"

पलीकडून उत्तर आलं नाही. आईच्या पायात चपला होत्याच. चिंगी चालण्याच्या अवस्थेत नव्हती, तरी दोघी निघाल्या.

मित्रांनो, औषध ग्रंथीतून आलेलं असो की कारखान्यातून, ते आपल्या मनाने सुरू करू नका, बंद करू नका आणि दुसऱ्याला तर मुळीच वाटू नका. आणि चूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. ज्याला सांगायला हवं त्याला लगेच सांगा. चिंगी चार दिवस उशिरा बोलली, आणि तिचे आजोबा तर कधी बोललेच नाहीत.

दोघींना जाऊन बराच वेळ झाला. मी दाराकडे बघत बसलो आहे. अजून कोणी आलेलं नाही.