जिन्यात अडकलेली तिजोरी

मी एक जुनी तिजोरी आहे आणि मित्रांनो, आज मी रागात बोलणार आहे. जुन्या वस्तूंनी गोड गोड आठवणी सांगाव्यात, मधूनच एखादा उसासा टाकावा, अशी तुमची अपेक्षा असेल, तर ती जरा बाजूला ठेवा. एका भल्या माणसाचा पाय चिरडल्याचा आळ माझ्यावर टाकला गेला आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा माझ्याकडे बोट दाखवून विचारतो, "हीच का ती?" जणू मी दबा धरून बसले होते! म्हणून काय घडलं ते तुम्हाला पहिल्यापासून सांगते. मग कोणाला बोल लावायचा तो लावा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड पोलादाच्या दोन भिंती आणि त्यांच्यामध्ये आग अडवणारा मसाला ठासून भरलेला, असं माझं अंग आहे. एकटं माझं दारच इतकं जड, की ते बसवायला दोन दांडगी माणसं लागली होती. मी तयार झाले तेव्हा तिथल्या मुकादमाने मला खांदा लावून ढकलून पाहिलं. मी तसूभरही हलले नाही. तो खूश होऊन म्हणाला, "झकास! ही कोणाच्या बापाला हलायची नाही." मित्रांनो, आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. जड असणं हा माझा गुण होता. त्याच गुणासाठी मला पुढे शिव्या खाव्या लागल्या.

मला विकत घेतलं एका घड्याळजींनी. त्यांचं दुकान म्हणजे बोळकांडीच होती. पुढे काचेचं टेबल, मागे मी. लोक दुरुस्तीला दिलेली घड्याळं विश्वासाने त्यांच्याकडे ठेवून जात. कोणाचं बक्षीस मिळालेलं, कोणाचं गेलेल्या वडिलांचं. घड्याळजी प्रत्येक घड्याळ कापडी पिशवीत घालून माझ्या खणात ठेवायचे आणि मगच दुकान बंद करायचे. त्यांची मुलगी तिथेच वाढली. आधी ती माझ्या मुठीला लोंबकळायची, मग भिंग डोळ्याला लावून वडिलांशेजारी बसायला लागली. पुढे तर तिचा हात वडिलांपेक्षा हलका झाला. चाक बसवताना ती श्वाससुद्धा बेताने घ्यायची.

एकदा शेजारच्या दुकानाला आग लागली. आमच्या दुकानाचं छप्पर गेलं, टेबल जळून कोळसा झालं. मी काळी पडले. पण माझं दार उघडलं तेव्हा आतली सगळी घड्याळं टिकटिक करत होती. लोक मला बघायला आले. माझ्या पाठीवर थाप मारून गेले. घड्याळजींनी मला स्वतः घासूनपुसून रंग दिला.

कौतुक किती दिवस टिकतं? माणसं खिशातल्या फोनवर वेळ बघायला लागली. गिऱ्हाईक रोडावलं. माझ्या मुठीला छत्र्या लटकायला लागल्या, डोक्यावर चहाचे कप आदळायला लागले. मी तेही सोसलं. शेवटी रस्ता रुंद करायचा म्हणून दुकानं रिकामी करायची वेळ आली. घड्याळजींचे गुडघे तोवर थकले होते. मुलगी म्हणाली, "बाबा, मी घरून काम करीन. पण तिजोरी मला हवी. लोकांची घड्याळं मी कपाटात ठेवणार नाही."

तिचं घर पहिल्या मजल्यावर होतं. इमारतीला लिफ्ट नव्हती. जिना अरुंद आणि मधे एक वळण. तिने आधी जिना मोजला. मग अवजड सामान हलवणाऱ्या माणसांना बोलावून मला दाखवलं आणि रविवार सकाळ ठरवली. सगळं रीतसर चाललं होतं. आणि मधे कडमडला तिचा थोरला भाऊ.

या भावाला सगळे पैलवान म्हणत. कधीकाळी त्याने वजनं उचलली होती. ती वजनं केव्हाच खाली ठेवली, छाती मात्र अजून फुगलेलीच होती. त्याच्या तोंडी कायम एकच वाक्य असायचं, "काही होत नाही!" रविवारी तो टेम्पो घेऊन दुकानात हजर झाला. बरोबर एक दोर, एक पहार आणि मुलीचा नवरा. हा नवरा म्हणजे शांत माणूस. कोणाला नाही म्हणायचं म्हटलं की त्याच्या कपाळावर घाम यायचा.

"दादा, ती माणसं येतीलच आता," मुलगी म्हणाली.

"नाही येणार. मी काल फोन करून नको म्हणून सांगितलं."

"काय? मला न विचारता?"

"अगं, घरात दोन पुरुष असताना एक डबडं हलवायला भाड्याची माणसं? लोक तोंडात शेण घालतील आपल्या!"

डबडं! मी आगीतून पोरांसारखी घड्याळं वाचवली आणि हा मला डबडं म्हणाला! मुलगी संतापाने लाल झाली. तिने वडिलांकडे पाहिलं. घड्याळजी खुर्चीत बसले होते. ते नुसतंच म्हणाले, "तो एवढा म्हणतोय, तर बघू दे ना करून." सगळ्या घरांत असंच होतं का हो? जो मोठ्याने बोलतो त्याचं खरं आणि जो विचार करून बोलतो तो भित्रा?

"निदान दार तरी काढून घेऊ," ती म्हणाली. "सरळ वर उचललं की ते बिजागरीतून सुटतं. खण बाहेर काढू. निम्मा भार कमी होईल."

"वेळ नाही. टेम्पोवाला खोळंबलाय." पैलवानाने माझं दार सुतळीने बांधलं. सुतळीने! माझ्या पाठीवर माझं वजन कोरलेली पट्टी आहे. ती वाचायचेही कष्ट त्याने घेतले नाहीत.

दुकानातून टेम्पोत चढेपर्यंतच उंबऱ्याची फरशी फुटली आणि टेम्पोवाल्याची बोबडी वळली. तरी पैलवान म्हणतोय, "बघा, काही झालं?" जिन्यापाशी आल्यावर त्याने माझ्याभोवती दोर आवळला. स्वतः वरच्या बाजूला उभा राहिला आणि मेव्हण्याला म्हणाला, "जावईबापू, तुम्ही खालून ढकला."

मुलगी ओरडली, "खाली कोणी उभं राहायचं नाही! अहो, तुम्ही बाजूला व्हा."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, मग मेव्हण्याकडे पाहिलं. पैलवान हसत होता. "घाबरले की काय जावईबापू?"

त्या एका वाक्याने तो माणूस माझ्याखाली आला. घाबरला होता तो. मला कळत होतं ना! त्याचे तळवे माझ्या अंगाला टेकले होते, ते थंडगार होते. त्याने फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, "हो, घाबरलोय." पण ते त्याच्या तोंडून निघालं नाही.

एक एक पायरी चढत आम्ही वळणापर्यंत पोचलो. तिथे मला तिरकं करावं लागलं. मी कलले आणि सुतळी तटकन तुटली. दार धाडकन उघडलं, सगळा भार एका अंगाला गेला. पैलवानाच्या हाताला दोराचा चटका बसला आणि त्याने दोर सोडला.

मित्रांनो, मला हात नाहीत. जिन्याचा कठडा धरता आला असता तर मी दातांनी धरला असता, पण मला दातही नाहीत. मी घसरले. माझं दार भिंतीत रुतलं म्हणून मी तिथेच अडकले, नाहीतर त्या माणसाचा जीवच गेला असता. पण माझा खालचा कोपरा त्याच्या पावलावर टेकला. त्याची किंकाळी मी अजून विसरले नाही. माझ्या पोलादातून ती आरपार गेली.

मुलीने पहार उचलली, माझ्या कोपऱ्याखाली घातली आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला. शेजारी धावले, त्यांनी पहारेला हात दिला. पाय सुटला. चपलेत रक्त होतं. आणि त्या गलक्यात, हात चोळत उभा असलेला पैलवान काय म्हणाला? "ही तिजोरीच अवलक्षणी आहे. मी आधीच सांगत होतो, भंगारात टाका म्हणून!"

आणि लोकांनी माना डोलावल्या.

त्याच वेळी वरच्या मजल्यावरून एक थकलेला आवाज आला, "अरे, वाट मोकळी आहे ना? माझी गाडी यायची वेळ झाली." त्या वरच्या काकू. त्यांची मूत्रपिंडं काम करत नव्हती. ठरलेल्या दिवशी दवाखान्यात जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. रविवारची पाळी चुकवणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यांना खुर्चीत बसवून खाली न्यावं लागायचं. आणि जिन्यात भिंतीपासून कठड्यापर्यंत मी आडवी.

मुलगी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. नवऱ्याने तिचा हात बाजूला केला. "तू थांब इथे," तो कण्हत म्हणाला. "मला हे लोक घेऊन जातील. काकूंची वाट मोकळी कर. तुझ्याशिवाय कोणाला जमायचं नाही."

टेम्पोतून पैलवान आणि एक शेजारी त्याला दवाखान्यात घेऊन गेले. मुलगी उठली. तिने ठरलेल्या माणसांना फोन लावला, पण ती दुसऱ्या कामावर लांब गेली होती. तिने फोन ठेवला आणि जमलेल्या माणसांकडे वळली. घड्याळाच्या चाकावर ज्या मुलीचा श्वाससुद्धा पडत नसे, तिचा आवाज जिनाभर घुमला.

"ज्याला माझं ऐकायचंय त्याने थांबावं. ज्याला शहाणपणा करायचाय त्याने आपल्या घरी जावं!"

दोन-तीन जण खरंच गेले. बरं झालं.

तिने आधी माझ्या बुडाखाली लाकडी पाचरी ठोकून मला जागच्या जागी पक्कं केलं. मग माझे खण काढले. मग चार जणांनी वरच्या पायरीवर उभं राहून, गोणपाट लावून, माझं दार सरळ वर उचललं. ते बिजागरीतून अलगद सुटलं. एवढंच काम होतं, मित्रांनो! सकाळी दुकानात हेच केलं असतं तर? मग फळ्या आल्या. पहारेने मला बोटभर उचलायचं, खाली पाचर सारायची, दम घ्यायचा. पुन्हा बोटभर. माझ्या खालच्या अंगाला कोणी पाऊल टाकलं की ती वाघिणीसारखी खेकसायची. एक शेजारी चिडून म्हणाला, "अहो ताई, किती ओरडता!" ती म्हणाली, "ओरडणारच. सकाळी कमी ओरडले."

मी वळणाच्या कोपऱ्यात उभी राहिले तेव्हा शेजारून एका खुर्चीपुरती जागा झाली होती. काकूंना खाली आणलं. त्यांचा चेहरा सुजला होता, श्वास लागत होता. माझ्याशेजारून जाताना त्या मुलीला म्हणाल्या, "तुझा राग वेळेवर दाखव बाई, सगळं घडून गेल्यावर नको." मुलीने मान खाली घातली. काकूंना दवाखान्यात उशीर झाला, पण पोचल्या. त्या वाचल्या.

उरलेल्या पायऱ्याही मी त्याच पद्धतीने, बोटाबोटाने चढले. संध्याकाळपर्यंत मी घरात पोचले आणि मुलगी तडक दवाखान्यात धावली. नवऱ्याच्या पायाची बोटं काढावी लागली होती.

तो घरी आल्यावर पैलवान भेटायला आला. बरोबर भंगारवाला! "हिला घरात ठेवू नका," तो म्हणाला. "हिने पाय घेतला, उद्या जीव घेईल."

मुलीने नवऱ्याच्या पायाशी स्टूल ठेवलं. "बस इथे दादा. या बँडेजकडे बघ आणि पुन्हा बोल. तिजोरीने पाय घेतला म्हण."

पैलवान उभाच राहिला. "आता मला मुद्दाम करायचं होतं का? झालं ते झालं."

तेव्हा आतून घड्याळजी काठी टेकत आले. आयुष्यभर थोरल्यापुढे न बोललेला तो माणूस म्हणाला, "होत नाही ते. तू केलंस. आणि मी करू दिलं." मग भंगारवाल्याला म्हणाले, "तू जा बाबा. इथे मोडकं असं काही नाही."

पैलवान दार आपटून निघून गेला. माफी मागितली नाही. अजूनही मागितलेली नाही. समोर आला की हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि माझ्याकडे पाठ करून बसतो.

आता मी मुलीच्या पुढच्या खोलीत उभी आहे. दार पुन्हा बसवलंय, खणांत लोकांची घड्याळं आहेत. नवरा काठी घेऊन चालतो. तो माझ्याजवळून जाताना कधीकधी माझ्यावर हात टेकतो, तोल सावरायला. त्या हाताचा मला राग येत नाही. त्या हातापुढे लाज वाटते आणि तीही खरं म्हणजे माझी नाही, दुसऱ्याची लाज मी वाहतेय. ओझं वाहायची सवय आहे मला.

मित्रांनो, जड वस्तूंना दुष्टावा नसतो. आम्हाला फक्त वजन असतं. आम्ही ते लपवत नाही, उलट पाठीवर कोरून घेतो. आम्हाला हलवायची वेळ आली, तर आधी विचारा, मोजा, हलकं करा, आणि घरात जो सगळ्यात जास्त घाबरतो त्याचं म्हणणं सगळ्यात आधी ऐका. तुम्ही स्वतः घाबरला असाल तर मोठ्याने सांगा. त्यात कमीपणा नाही. कोणी हसलं तर हसू द्या.

आणि माझं म्हणाल, तर तुम्हाला एवढं सगळं सांगूनही माझा राग उतरलेला नाही. पोलाद आहे मी. मला तापायला वेळ लागतो आणि निवायलाही.