डाव्या दारावरची कार्यालय प्रत

मित्रांनो, गाडीवरचं सगळं जाळं शेवटी गेलं, फक्त एक वीतभर जागा राहिली. पण असं काही घडलेलंच नाही. तुम्ही हे वाक्य वाचलं नाही, मी ते सांगितलं नाही. आपण रीतसर पहिल्यापासून सुरुवात करू.

मी एक जुना गंजीफ्रॉक आहे. बुलढाण्यात मला बनियन म्हणतात. माझा जन्म पिंपळगाव राजाच्या शिवारात एका बोंडात झाला, असं मी मानतो. पुरावा नाही. खामगावच्या बाजारात पोचल्यावर सगळा कापूस एकसारखाच दिसतो. पुढे कुठेतरी लांब माझं सूत झालं, सुताचा मी झालो, आणि दोन भावांसह एका खोक्यात बसून परत आलो. बसने आलो, कारण बुलढाण्याला रेल्वे नाही.

माझे मालक चिंतामणराव एका सरकारी कार्यालयात लिपिक होते. चार वर्षं मीही त्यांच्या शर्टाखाली बसून नोकरी केली. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ हे शब्द मी थेट छातीतून ऐकले आहेत. त्यांचं अक्षर फार गोल होतं. त्यांचा ‘ळ’ पाहिला की जिलबीची आठवण येते, असं साहेब म्हणायचे, आणि म्हणूनच जेवणाच्या सुट्टीच्या आधी त्यांच्या फाइली वाचत नसत. प्रत्येक पत्राची एक प्रत चिंतामणराव कार्यालयात ठेवून घेत. मूळ कागद जगात कुठेही जावो, कार्यालय प्रत जागेवर पाहिजे, हे त्यांनी घरातही सगळ्यांना शिकवलं होतं. घरात कोणी विचारलं नव्हतं.

मग माझ्या डाव्या काखेत भोक पडलं. एकदा मला वाळत घालताना त्यांच्या पत्नी चारुलताबाईंना त्या भोकातून समोरच्या घरातला आकाशकंदील दिसला, पूर्ण. त्या म्हणाल्या, “आता हा गाडीले द्या.” माझी बदली झाली. विनंतीवरून नाही, प्रशासकीय कारणास्तव.

गाडी निवृत्तीच्या वर्षी घेतलेली, काळी होती. आपल्याकडच्या धुळीत काळी घेऊ नका, असं सगळ्यांनी सांगितलं. चिंतामणराव म्हणाले, “जनम गेला काळ्या शाईत. आता पांढरी घेऊन काय करू?”

रोज सकाळी साडेसहाला ते मला मुठीत धरून बाहेर येत. बॉनेटपासून सुरुवात. गोल, गोल, मग टप, मग दारं. पाणी नाही. आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांआड येतो. त्या पाण्याने गाडी धुतली असती तर शेजाऱ्यांनी आमच्याकडे हळदीकुंकवाला येणं सोडलं असतं. म्हणून कोरडं पुसणं. पठारावरची सगळी धूळ मी माझ्या अंगावर घेतली आणि तीच परत गाडीवर गोल गोल फिरवली. आम्ही दोघं त्याला चमक म्हणत होतो. शेजारचे महादेवराव फाटकातून येऊन बॉनेटमध्ये बघून भांग पाडायचे. नऊ वर्षं, आणि एकही दिवस खाडा नाही. मित्रांनो, ते दिवस आठवले की माझ्या शिवणी आजही सैल होतात.

गेल्या दिवाळीनंतर चिंतामणरावांचा उजवा हात गेला. हात तिथेच होता, पण त्याने काम सोडलं. उजवा पायही नाराज झाला. गाडी शेडमध्ये उभी राहिली आणि मी डिकीत, जॅक आणि पाना यांच्या मध्ये. दोघेही मितभाषी.

काही महिन्यांनी चिंतामणराव स्वतःच म्हणाले, “उभी गाडी सडते. द्या कोणाले तरी.” म्हणून बीबी गावचे भगवंतराव बघायला आले. भर दुपारी त्यांनी गाडी उन्हात काढायला लावली, दोन चकरा मारल्या आणि बॉनेटवर वाकले.

“गाडी चांगली हाय. पण हे कोळ्याचं जाळं काऊन दिसून राह्यलं? हे गेलं तर घेतो. रविवारी येतो.”

“नऊ वर्षं रोज पुसली आहे,” चिंतामणराव म्हणाले. “माह्या हातानं.”

चिंतामणराव त्या दिवशी जेवले नाहीत. गाडी विकली जाते की नाही याची त्यांना पर्वा नव्हती. आपल्या हातचं एवढं काम होतं आणि ते दिसलं कसं नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं.

शनिवारी त्यांची मुलगी स्वरदा कामाला लागली. ती इथल्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. गाडीचं पॉलिश तिने आयुष्यात केलं नव्हतं, पण मोबाइलवर एक व्हिडिओ अर्ध्यापर्यंत पाहिला होता. पिंपात साठवलेल्या पाण्यातून दोन बादल्या घेऊन तिने गाडी धुतली. रबराच्या कडांवर कागदी पट्टी चिकटवली. कॉलेजातल्या कोणाचं तरी फिरतं पॉलिशचं यंत्र आणलं होतं, आणि तीन पिवळी मऊ फडकी. तिन्ही जुळी. एकालाही कामाचा अनुभव नव्हता. मला बादल्या पुसायला ठेवलं.

तिने यंत्राच्या स्पंजवर पॉलिशचे चार थेंब घेतले आणि यंत्र हवेतच सुरू केलं. ते आधी गाडीवर टेकवायचं असतं, हे व्हिडिओच्या उरलेल्या अर्ध्या भागात होतं. पांढरे ठिपके भिंतीवर, तुळशीवर आणि खुर्चीत बसलेल्या चिंतामणरावांच्या चष्म्यावर गेले.

“भिंतही चमकवून राह्यली काय तू?” चारुलताबाईंनी आतून विचारलं.

स्वरदाने उरलेला व्हिडिओ लावला. त्यातला माणूस शांतपणे म्हणाला, “हे गोल ओरखडे कशामुळे येतात? तर जुन्या, कोरड्या कपड्याने धुळीवरून पुसल्यामुळे.”

तिने झटकन मोबाइल बंद केला. मित्रांनो, मी तिथेच बादलीच्या कडेवर होतो. माझी नऊ वर्षांची सेवा, आणि साधी कारणे दाखवा नोटीससुद्धा नाही.

“काय म्हणून राह्यला तो?” चिंतामणरावांनी विचारलं.

“काही नाही बाबा. उन्हाने होतं म्हणतो.”

“उन्हाचे गोल पडतात काय?”

“आमच्या रसायनशास्त्रात पडतात.”

चौतीस वर्षं लोकांची खोटी कारणं वाचलेला माणूस तो. काठी टेकत उठले. “टॉर्च दे इकडे.” मोबाइलचा उजेड त्यांनी डाव्या मागच्या दारावर धरला. उजेडाभोवती बारीक बारीक रेषा उठल्या, एकात एक गोल. मोबाइल तिच्याकडे देऊन डाव्या हाताचं बोट त्यांनी एका गोलावरून फिरवलं. मग दुसऱ्यावरून. त्यांचं बोट कुठेच अडखळलं नाही.

“हे तर माह्यंच अक्षर आहे,” ते म्हणाले.

स्वरदाने मोबाइलचा उजेड खाली वळवला.

“पाणी नव्हतं बाबा,” ती म्हणाली.

“पाणी नव्हतं,” त्यांनी मान्य केलं. मग खुर्चीत बसले. “खोडून टाक. चुकीचं टिपण फायलीत ठेवत नसतात.”

तिने दिवसभर काम केलं. हातभर चौकोन घ्यायचा, पॉलिशचे मटारएवढे थेंब, यंत्र सावकाश आडवं न्यायचं, मग उभं, मग पिवळ्या फडक्याने हलकं पुसून टॉर्च मारायची. एकेक चौकोन काळा होत गेला, नऊ वर्षांपूर्वीसारखा. संध्याकाळी महादेवराव कंगवा घेऊन आले आणि आपल्याला एवढं टक्कल पडलं आहे हे पहिल्यांदाच कळून परत गेले.

कागदी पट्ट्या काढल्या तेव्हा डाव्या मागच्या दारावर, खाली, वीतभर चौकोन तसाच होता. तिने तो चारी बाजूंनी पट्टी लावून झाकला होता.

“हे राह्यलं,” चिंतामणराव म्हणाले.

“कार्यालय प्रत आहे बाबा. तुम्हीच सांगायचे.”

चिंतामणरावांनी चष्मा काढला आणि बराच वेळ सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. त्यावरचं पॉलिश सकाळीच निघालं होतं.

रविवारी भगवंतराव आले. दोन चकरा मारल्या, आणि अर्थातच बरोबर तिथेच थांबले.

“ताई, एवढंच काऊन सोडलं?”

स्वरदाने तोंड उघडलं, पण चिंतामणराव आधी बोलले. “ते माह्यं आहे. कोरड्या फडक्यानं पुसायचो मी. जाळं माह्यामुळंच पडलं होतं. घ्यायची नसन तर नका घेऊ.”

भगवंतराव उकिडवे बसले, तो चौकोन तिरक्या नजरेने पाहिला. “आमचे बाबा रोज टीव्ही पुसते,” ते म्हणाले. “बातम्या देणारी बाई दिसत नाही आता, नुसती ऐकू येते. राहू द्या. त्यानं काही गाडी हळू चालत नाही.”

गाडी बीबीला गेली. पिवळी फडकीही तिच्याबरोबर गेली. मला टाकायला काढलं होतं, तेव्हा चिंतामणराव म्हणाले, “तो राहू दे. डॉक्टरनं हाताच्या व्यायामाले कपडा सांगितला आहे.”

तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला मी जेवणाच्या टेबलावर असतो. माझ्यावर त्यांचा उजवा हात, त्यावर डावा. डावा ढकलतो, उजवा जातो. गोल, गोल. मागच्या मंगळवारी डावा हात मध्येच चहाच्या कपाकडे गेला, आणि उजव्याने अर्धा गोल एकट्याने पूर्ण केला. तो वेडावाकडा होता, पण ‘ळ’ सुरू होतो तसाच होता. टेबलाच्या पॉलिशवर आता जाळं उमटू लागलं आहे. चारुलताबाईंनी ते पाहिलं आहे. त्या त्यावर ताट ठेवतात.

मित्रांनो, गाडी कधीही कोरडी पुसू नका. आधी धूळ धुऊन काढा, मऊ फडकं वापरा, यंत्र हवेत सुरू करू नका. आणि कोणाच्या हातचं काही पुसायची वेळ आलीच, तर वीतभर ठेवा.

सबब, मा. परिवहन अधिकारी यांस विनंती की, उपरोक्त वाहनाच्या नोंदणी पुस्तकात मालकाचे नाव खुशाल बदलावे. मात्र रंगाच्या रकान्यात ‘काळा’ याऐवजी ‘काळा, डाव्या मागच्या दारावर चिंतामणरावांच्या अक्षरात’ अशी दुरुस्ती करून तिची एक प्रत अर्जदार बनियन यास, जेवणाच्या टेबलाच्या पत्त्यावर, सकाळी साडेसहापूर्वी मिळावी.