दुकानातला आवाज

टक्.

गोळीच्या पाकिटाची चांदी फुटली की होतो, तेवढाच आवाज. जेवणं आटोपून घर जरा निवांत झालं होतं. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, चोरी करत असल्यासारखी, अंगठ्याने ती पिवळी गोळी बाहेर ढकलली होती.

"आई, मला मळमळतंय," आतल्या खोलीतून हाक आली.

"अगं, अजून दिलीसुद्धा नाही!"

"पण फोडलीस ना."

हे कान म्हणायचे की काय! एरवी 'दप्तर उचल' हे शेजारी उभं राहून सांगितलं तरी या मुलीला ऐकू येत नाही. शनिवारी रात्री मात्र दोन भिंतींपलीकडची चांदी फुटलेली कळते.

ही आमची लेक. सात वर्षांची, एकुलती, आणि तिच्या बाबाच्या मते या घराची खरी मालकीण. मागच्या वर्षी तिचे गुडघे सुजायला लागले. सकाळी उठली की पाय सरळ होत नसत. जिना बसून उतरायची, एकेक पायरी घसरत, आणि वर आम्हालाच ऐकवायची, "ही माझी घसरगुंडी आहे, तुम्ही उभ्यानेच उतरा." हसू यायचं आणि हसता यायचं नाही. मग तपासण्या झाल्या. डॉक्टरबाईंनी सांध्यांच्या आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि आठवड्यातून एकदा घ्यायची ही गोळी सुरू केली.

गोळीने हळूहळू काम केलं. सूज उतरली, लेक पुन्हा जिन्यावरून धावायला लागली, खालच्या मजल्यावरची तक्रारही पुन्हा सुरू झाली. इतकी गोड तक्रार मी आयुष्यात ऐकली नव्हती.

पण जी गोळी गुडघ्यांना मानवली ती पोटाला मानवेना. आधी गोळी घेतल्यावर रविवारभर मळमळायचं. मग गोळी बघूनच मळमळायला लागलं. मग गोळीच्या आवाजाने. आता तर शनिवारी शाळेतून आल्यापासूनच बाईसाहेबांचा चेहरा उतरलेला.

"ती नाटक करत नाहीये हं," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "पोटाला आठवण राहते. मुलांमध्ये हे खूप दिसतं." त्यांनी गोळीच्या आधी घ्यायचं उलटीचं औषध दिलं, भरल्या पोटी द्या म्हणाल्या, आणि बजावलं, "मनाने बंद करायची नाही. उलटून पडली तर आपली आपण दुसरी द्यायची नाही, मला फोन करायचा. पुढच्या भेटीपर्यंत बघू. नाहीच जमलं तर हेच औषध इंजेक्शनने देऊ."

इंजेक्शन हा शब्द ऐकला आणि लेक खुर्चीवरून घसरून टेबलाखाली गेली. पुढचं सगळं बोलणं डॉक्टरबाईंनी तिच्या बुटांशी केलं.

म्हणजे पुढच्या भेटीपर्यंत गोळी पोटात टिकायला हवी होती. हे तिलाही कळत होतं. "मी ठरवते गं, आज नाही करायची उलटी," ती म्हणायची, "पण पोट ऐकतच नाही. ते बाबावर गेलंय."

बाबा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या मते जगातल्या प्रत्येक बिघाडाला एक तर तेल लागतं नाही तर रबर. पाकीट ओल्या टॉवेलात गुंडाळून त्याने 'आवाज दाबायचा बंदोबस्त' करून पाहिला. गोळी ओली होऊन विरघळायला लागली, आणि आतून हाक आली ती आलीच. मग त्याला वाटलं, दोष रंगाचा आहे. घरातलं पिवळं सगळं हद्दपार झालं. न्हाणीघरातला मग गेला, उशी गेली, त्याचं स्वतःचं कामावरचं हेल्मेट दाराबाहेर राहायला लागलं.

"उद्या केळं बघून मळमळलं तर?" मी विचारलं.

"सोलून आणू."

मग मी शहाणपणा केला आणि गोळी जॅममध्ये लपवली. त्या दिवसापासून तिला जॅमही चालेना.

"वा!" नवरा म्हणाला. "गोळी आहे तिथेच आहे, जॅम तेवढा गेला."

तर त्या शनिवारी मी भिंतीकडून वळले, एका हातात गोळी, एका हातात पाण्याचा पेला, आणि चेहऱ्यावर हसू आणून आत गेले. ती पलंगाच्या कडेला बसली होती, पाय हलवत.

"ये गं माझी राणी," मी म्हटलं. "काही नाही होत. एक घोट, की झालं. हळूहळू सवय होईल, हं."

'सवय होईल, हं' म्हणताक्षणी ती वाकली आणि उलटी माझ्या सपातांवर.

मी तशीच उभी. गोळी अजून माझ्याच हातात. पाण्याचा थेंबही तिच्या ओठांना लागलेला नव्हता.

नवरा बादली घेऊन धावत आला, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाला, "बादलीला उशीरच झाला. सपाता मात्र वेळेवर हजर होत्या."

तिचं तोंड पुसलं, सपाता बाहेर टाकल्या, खिडकी उघडली. तिने चूळ भरली आणि एकदम शांतपणे, शाळेत उत्तर देतात तसं, सांगितलं, "ही गोळीमुळे नाही झाली."

"मग कशामुळे?"

"तू दुकानात बोलतेस ना, तसं बोललीस."

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. डोळे तपासणारे दुसरे असतात. मी समोरच्याला चष्मा घालून बघते, कानामागे टोचतो का विचारते, काडी गरम करून वाकवते, स्क्रू पिळते, काच पुसून हातात देते. शाळा सुटली की लेक तिथे येते आणि माझं काम संपेपर्यंत आरशाजवळच्या उंच स्टुलावर बसते. गिऱ्हाइकांशी बोलायचा माझा एक वेगळा आवाज आहे हे मला माहीत होतं. तो घरी येतो, हे माहीत नव्हतं.

"काहीतरीच काय," मी म्हटलं. "मी आपली प्रेमाने बोलत होते."

"मास्तरांशी पण प्रेमाने बोललीस."

आता आली का पंचाईत. गाणं शिकवणारे एक मास्तर त्याच आठवड्यात दुकानात आले होते. दूरचं आणि जवळचं एकाच काचेत असलेला नवा चष्मा हातात धरून, नाकाऐवजी.

"बाई, जिना उतरताना पायऱ्या पळतात हो!" ते म्हणाले. "जमीन वर येते. मळमळतं मला!"

मळमळतं म्हटल्याबरोबर स्टुलावरचं डोकं वर झालं. कोणीतरी आपल्यातलं भेटलं, अशा मायेने ती त्यांच्याकडे बघायला लागली. आणि मी, काच पुसत, मधात बुडवल्यासारखं म्हटलं होतं, "अहो, नवीन आहे ना. थोडे दिवस काढा. सवय होईल, हं." मास्तर बिचारे कठडा धरून पायऱ्या उतरले.

"आणि ते गेल्यावर," लेक आता कोर्टात उभी असल्यासारखी बोलत होती, "मालककाकांनी विचारलं, होईल का गं सवय? तर तू काय म्हणालीस?"

नवऱ्याने बादली खाली ठेवली. "काय म्हणालीस?"

मी म्हटलं होतं, सगळ्यांना नाही होत, नाही झाली तर काचा बदलून देऊ. हे मी रोज म्हणते. त्यात खोटं काही नाही. फक्त ते मास्तर गेल्यावर म्हणते, आणि आपल्या साध्या आवाजात.

"म्हणून तो गोड आवाज आला ना," ती म्हणाली, "की मला कळतं, आता काहीतरी वाईट आहे. मग पोटाला पण कळतं." तिने चादरीचा दोरा ओढला. "आणि तू मला आता घोडे पण म्हणत नाहीस. गुडघे दुखायला लागल्यापासून राणीच म्हणतेस. मी काय राणी आहे का?"

जन्मल्यापासून ती घोडी होती. घोडे इकडे ये, घोडे ते खाली ठेव. ज्या दिवशी आजाराचं नाव कळलं त्या दिवसापासून माझ्या तोंडून तो शब्द गेला, आणि मला पत्ताही लागला नाही. तिला लागला.

"मला बघ, रोज गाढव म्हणते," बाबा म्हणाला. "म्हणून पोट कसं ठणठणीत."

मी डॉक्टरबाईंना फोन केला. गोळी पोटात गेलीच नव्हती म्हटल्यावर त्या म्हणाल्या, थोडं थांबा, पोट शांत होऊ द्या, एखादं बिस्कीट खाऊ दे, मग द्या. आवाजाचंही सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "माझा कसा आहे, विचारा तिला."

"बरा आहे," लेकीने निकाल दिला. "पण इंजेक्शन म्हणताना बारीक होतो."

बिस्कीट कुरतडून झालं. गोळी बशीत होती. आता साध्या आवाजात बोलायचं, इतकंच काम. आणि मला माझा साधा आवाज सापडेना! तोंड उघडलं की मधच.

"बोल ना नेहमीसारखं," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"ओरड."

"कशावर?"

"माल भरपूर आहे," नवरा म्हणाला. "डावीकडून सुरू कर."

मी बघितलं. दारात दप्तर आडवं पडलेलं. खुर्चीवर ओला टॉवेल. आणि टेबलावरच्या दिव्याला एक मोजा लटकलेला.

"अगं घोडे," माझ्या तोंडून निघालं, आणि तिचे कान टवकारले, "तो मोजा दिव्यावर कोणी टांगला?"

"बाबाने!"

"मी? माझा मोजा एवढा?"

"आणि हे दप्तर काय दाराला पहारा देतंय? आणि ही गोळी काय तुझा बाप घेणार आहे?"

"बाप तयार नाही," बाप म्हणाला.

ती खुदकन हसली आणि बशीतली गोळी हातात घेतली. तिचा हात थांबला. हसू गेलं नाही, पण बारीक झालं. "उलटी होईल का?"

मध अगदी जिभेपर्यंत आला. मी तो गिळला. तिच्या गोळीपेक्षा कडू लागला असेल.

"होईल कदाचित. नाही पण होणार. मला माहीत नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मालककाका काडी सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघतात, तसं. मग मान हलवली, डोळे गच्च मिटले आणि गोळी पाण्यासकट गिळली. "शी."

"शीच असणार. औषध आहे, चॉकलेट नाही."

आम्ही तिघं पलंगावर ओळीने बसलो. ती पांढरी पडली. तोंडाला पाणी सुटतंय म्हणाली. माझं बोट तिने असं आवळलं की अंगठी रुतली. मी 'काही नाही होत' म्हटलं नाही. म्हटलं, "वाईट वाटतंय ना?" ती म्हणाली, "खूप." म्हटलं, "बादली आहे." ती म्हणाली, "दिसतेय." असं करत करत बोटावरची पकड ढिली झाली, आणि पाहते तर माझ्या खांद्यावर झोपलेली. बादली रिकामी होती. नवऱ्याने ती हेल्मेटसारखी डोक्यावर चढवली आणि आवाज न करता दिवा मालवायला गेला.

रविवारी मळमळलंच. जादू काही झाली नव्हती. दुपारपर्यंत लोळली, कोरडी बिस्किटं खाल्ली, सूप परत केलं. पण गोळी आत होती, आणि उन्हं कलल्यावर पोट तिचं तिला परत मिळालं. जिन्यावर धाडधाड आवाज झाला.

"घोडे, हळू! खालचे वर येतील!"

"येऊ देत!"

मी मागोमाग खाली गेले, तर ती शेवटच्या पायरीवर बुटाची नाडी बांधत बसली होती. गुडघे उघडे, खरचटलेले, सूज नाही. मी शेजारी बसले. तिने नाडीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. काहीतरी विचारायचं असलं की ती अशीच बराच वेळ नाडी बांधते.

"ही गोळी कधीतरी बंद होणार ना?"

"हो. डॉक्टर म्हणाल्यात, गुडघे बरेच दिवस शांत राहिले की बघू."

"मग एक विचारू? पण दुकानातल्या आवाजात नाही सांगायचं."

"नाही सांगणार."

"आणि 'माहीत नाही' ते काल वापरून झालंय. ते पण नाही."

"बरं, विचार."

तिने दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले, वर्गात पहिल्यांदाच आलेल्या दोन लहान मुलांना धीर द्यावा तसे.

"गोळी बंद झाल्यावर, हे आत्ता आहेत तसेच राहतील ना गं?"