बिबट्याची पाटी लिहिणारा ब्रश

मी एक जुना, चपटा, पाट्या रंगवायचा ब्रश आहे. मित्रांनो, आज माझे केस काथ्यासारखे राठ झाले आहेत. पण एके काळी मी पत्र्यावरून लोण्यासारखा फिरायचो.

शिनोलीच्या प्रबुद्धने मला घोडेगावच्या बाजारातून आणले. तेव्हा तो दुकानांच्या पाट्या लिहायचा. पुढे पुण्यात शिकून तो नावाजलेला ग्राफिक डिझायनर झाला. उसात बिबटे वाढले, तेव्हा त्याने माझ्याकडून पिवळ्या पत्र्यावर दबा धरलेला बिबट्या काढून घेतला आणि खाली ठसठशीत लिहिले, 'थांबा. उसात बिबट्या आहे.' आंबेगाव-जुन्नरच्या कितीतरी गावांनी तशाच पाट्या लावल्या. त्या अक्षरांचे वळण लोकांना इतके आवडले, की प्रबुद्धने ते संगणकावर उतरवले. मग लग्नपत्रिकांपासून ट्रॅक्टरपर्यंत तीच अक्षरे दिसू लागली. त्याचे सत्कार झाले. मी मात्र न धुताच डब्यात पडून राहिलो.

गेल्या हिवाळ्यात निमगाव साव्याहून फोन आला. गवताला गेलेल्या झुंबरबाईंना उसाच्या कडेला बिबट्याने मारले होते. तिथली पाटी दिसतच नव्हती, असे कळताच प्रबुद्धने मला पिशवीत टाकले आणि तडक गाडी काढली.

पाटी जागेवरच होती. पण तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स ताणून बांधला होता. फ्लेक्सवरची अक्षरे प्रबुद्धच्याच वळणाची होती. त्याने तो ओरबाडून काढला. त्याबरोबर खालच्या रंगाचे पोपडेही निघाले.

झुंबरबाईंची मुलगी शीला बांधावर उभी होती.

"भाऊ, आईला वाचाया येत व्हतं," ती हळूच म्हणाली. "मोठेपणी शिकली व्हती, लई हौसेनं."

"मी परत लिहितो, ताई," प्रबुद्ध म्हणाला.

"लिवा. पर आमची आई काय आता वाचायची न्हाई."

त्याने मला थिनरमध्ये बुडवून चोळचोळ चोळले. माझे निम्मे केस गळाले. उरलेल्या केसांनिशी मी जिवाच्या आकांताने पत्र्यावर ओढला गेलो, पण रेघ फाटत होती, रंग ओघळत होता. 'थांबा' एवढाच शब्द कसाबसा उमटला. शेवटी प्रबुद्धने मला मातीत ठेवले आणि बोट रंगात बुडवून उरलेले शब्द लिहिले. ज्याच्या अक्षरांवर तालुका भाळला होता, त्याची अक्षरे त्या दिवशी वेडीवाकडी आली. तो रडत होता, आणि मला काहीच करता येत नव्हते.

मित्रांनो, काम संपले की ब्रश धुऊन ठेवा. आणि एखाद्या पाटीवर काही बांधायला जाल, तेव्हा खाली काय लिहिले आहे ते आधी वाचा. ते वाचून थांबणारे माणूस अजून वाटेवर असते.