माल उचलण्याची नोटीस

मुकुंदरावांची बायको प्रभा जाऊन चार महिने झाले होते. त्या दिवशी पुण्याहून तिची मैत्रीण चेतना हिचा फोन आला आणि मुकुंदरावांना कळलं, की प्रभाचा एक व्हिडिओ कायमचा गेला. भिशीत प्रभाने नवऱ्याची नक्कल केली होती, बायका हसून हसून आडव्या झाल्या होत्या. चेतनाने तो व्हिडिओ तेव्हाच प्रभाला ईमेलने पाठवला, तर पेटी भरली आहे म्हणून परत आला. पुन्हा पाठवू म्हणता म्हणता चेतनाचा फोनच पाण्याच्या टाकीत पडला.

मुकुंदरावांनी कॉम्प्युटरवर प्रभाची ईमेलची पेटी उघडली. आत गाद्याच गाद्या. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून तिने एकदा उशी घेतली होती आणि बिलावर ईमेल लिहून दिला होता. तेव्हापासून रोज जाहिरातीची दोन पत्रं, गाद्यांच्या मोठमोठ्या फोटोंसकट. एका उशीपायी बाराशे गाद्या घरात शिरल्या होत्या.

मुकुंदरावांनी कुर्डुवाडी स्टेशनात तीस वर्षं पार्सल क्लार्क म्हणून काढलेली. तिथे कुणाचा माल पडून राहिला, की जागा अडवली म्हणून नोटीस जाई. त्यांनी जुन्या सवयीने कागद ओढला: आपला माल, नग बाराशे, आमच्या जागेत पडून आहे, सात दिवसांत स्वतः येऊन उचलावा. आणि ती नोटीस कारखान्याला पोस्टाने धाडून दिली.

सहाव्या दिवशी जुळे सोलापुरातल्या त्यांच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात कारखान्यातली प्रियदर्शनी नावाची मुलगी. ती पत्रं पाठवण्याचं काम तिचंच. मालकाला वाटलं होतं, खरंच बाराशे गाद्या भलतीकडे उतरल्या. त्याने टेम्पोसुद्धा दिला होता.

मुकुंदरावांनी तिला चहा दिला आणि कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"काका, सगळं एकदम पुसता येतंय की."

"एकेक उचला. टेम्पो आणलाय ना?"

"आमाला पाठवायला काहीच पडत नाही ओ काका."

"मग कुणाला पडतं, ते बघा आता."

ती मान खाली घालून पुसत राहिली. तासाभराने एका पत्रापाशी थांबली.

"काका, काकूंनी आमाला उत्तर दिलं होतं."

मुकुंदरावांनी चष्मा लावला. प्रभाने दिवाळीत कारखान्याला लिहिलं होतं: 'सदर गाद्या आमच्या आवारात पडून आहेत. आमचे साहेब नोटीस काढणार आहेत. त्यांचे एक वाक्य संपेपर्यंत गाडी सुटते, याची नोंद घ्यावी व त्याआधी माल उचलावा. कळावे.'

थेट त्यांचीच भाषा. 'कळावे' सुद्धा. मुकुंदराव मोठ्यांदा हसले आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

प्रियदर्शनी ओशाळली. आलेली उत्तरं आमच्याकडे कुणी वाचत नाही, म्हणाली.

खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. नवा माल उतरवू नका, एवढं बजावून त्यांनी तिला जाऊ दिलं. साठ-सत्तर नग उचलले गेले, बाकीचे तसेच आहेत. आणि प्रभाच्या पत्राला कारखान्याने अजून उत्तर दिलेलं नाही.