संडासाच्या दारावरची पानफुटी

शेवटी अंकुरबाबा पळाला. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. बाबा अजून आमच्या मोहल्ल्यात, ब्राह्मणपाऱ्यातच आहे आणि आमच्या गल्लीत पंडरीच्या कापडबाजाराइतकी गर्दी आहे.

राज्य नवं, राजधानी नवी, म्हणून बाबाही नवा आला होता. हातात एक जाड, गुबगुबीत पान.

"ना मिट्टी, ना पानी, सिर्फ मंत्र. शुद्ध घर में टाँगो, बारहवें दिन पत्ती माँ बनेगी. पत्ती बनेगी तो बहू काहे नहीं?"

खिळ्यांना टांगलेली पानं खरंच व्यायली, कडेकडेनं इवली रोपं फुटली. मग राधिकावहिनीनं समता कॉलोनीतल्या डॉक्टरीणबाईंच्या थायरॉइडच्या गोळ्या बंद केल्या आणि रोज एक पान चावायला घेतलं. लग्नाला सात वर्षं झाली होती. तिला उलट्या सुरू झाल्या, तर तिची सासू, आमची वनमालाकाकू, पेढे आणायला निघाली.

माझी बहीण अनुश्री कृषी महाविद्यालयात शिकते. तिनं बिनमंत्राची तीन पानं टांगली: एक देवघरात, एक अंगणात, एक संडासाच्या दारावर. तिसऱ्याला रोज शिव्या देण्याचं काम माझ्याकडे होतं. मी ते मन लावून केलं. बाराव्या दिवशी तिन्ही बाळंत झाली; शिव्यावालीला सात पिल्लं.

"काहून वं, संडासातही देव येते का?" काकूनं विचारलं.

"देव नाही काकू, पानफुटी आहे. पानातच पाणी साठलेलं असते, कडेच्या खाचेत कोंब झोपून असते. पान तुटलं की उठते. तण आहे ते, अन् पोटात गेलं की उलट्या होते," अनुश्री म्हणाली.

"म्हणजे मी तण खाऊन राहिली होती," वहिनी म्हणाली. मग तिनं गोळ्या शोधल्या, आणि दार बिजागरीतून काढायला मला पेचकस आणायला सांगितला.

दार आम्ही थेट बाबाच्या दरबारात नेलं. "बाबाजी," वहिनी म्हणाली, "तुमच्या मंत्राबिगर झालेले हे पोट्टे कोणाचे?"

"अपवित्र पत्ती है," बाबा म्हणाला, आणि दुपारच्या बसनं गेला.

भक्तांनी मात्र पानं कचऱ्यात टाकली नाहीत. पवित्र वस्तू ना. तलावाच्या काठी विसर्जन केलं. आता काठावर दुसरं काही उगवत नाही.

तेव्हा मुळासकट उपटा, गळालेलं प्रत्येक पान वेचा, काळ्या पिशवीत बांधून उन्हात सडवा. आणि गोळी बंद करण्याआधी डॉक्टरला विचारा, खिळ्याला नव्हे.

कुटुंबकल्याण विभागास नम्र विनंती: सदर वनस्पतीस दोन अपत्यांवर थांबण्याबाबत लेखी समज देण्यात यावी व तिची सही घेतलेली पोच अर्जदारास पाठवावी.